शेतकऱ्याची जुनी जीप : ओढ, कमानी आणि दिवे

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोक बोलण्यांतही करितात. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांतील खोल काळी जमीन. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या बाजूस अजिंठ्याच्या डोंगरांवरील चढउताराची, कोठें भारी तर कोठें हलकी जमीन. परंतु एक गोष्ट दोहोंकडे सारखी आहे. मृग लागला कीं पांदण बंद होते. काळी माती पाण्यानें फुगते, चाकास लिंपून बसते, आणि उन्हाळ्यांत दहा मिनिटांत होणारी शेताची वाट श्रावणांत अर्ध्या दिवसाची होते. खत न्यावयाचें तेंही याच दिवसांत, आणि घरीं कोणी आजारी पडलें तर त्यास दवाखान्यांत न्यावयाचें तेंही याच वाटेनें.

अशा स्थितींत चारी चाकांस जोर देणारी एखादी जुनी जीप शेतावर आणण्याकडे कित्येक शेतकऱ्यांचा ओढा दिसतो. नवी घेण्याची ऐपत नसल्यास लिलावांतली किंवा वापरलेली गाडी घ्यावयाची, आणि मग गांवच्या मिस्त्रीकडून तिला मागें हूक, खालीं जादा पाटे व पुढें चार मोठे दिवे लावून घ्यावयाचे, असा बहुधा क्रम असतो. हे तिन्ही फेरफार घरच्या घरीं करितां येण्याजोगे आहेत. परंतु आम्हीं ते प्रथम जसे केले तसे दुसऱ्या कोणीं करूं नयेत, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. तेथें एक गोष्ट पक्की शिकलों कीं, वहींत एका खात्यास रक्कम जमा पडली म्हणजे ती दुसऱ्या कोठल्या तरी खात्यास नांवें पडतेच. गाडीचेंही तसेंच आहे. हूक मोठा लावला तर त्याचा जोर चेसिसच्या नांवें पडतो. पाटे वाढविले तर एक्सलच्या. दिवे वाढविले तर तारांच्या व बॅटरीच्या. जो हा दुसरा रकाना पाहत नाहीं, त्याचा हिशेब केव्हां तरी एकदम चुकता होतो; आणि दुःखाची गोष्ट ही कीं, तो पुष्कळदां भलत्याच माणसाच्या अंगावर चुकता होतो.

ही गाडी मुळांत कशासाठीं झाली हें लक्षांत ठेवणें बरें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं १९४१ सालापासून विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं ती हजारोंनीं बनविली. आपल्याकडे महिंद्रा बंधूंची १९४५ सालीं स्थापन झालेली व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नांवानें ओळखली जाणारी कंपनी जीपच्या धंद्यांत पडली, आणि पुढें तिच्या डिझेल जीपा खेडोपाडीं पसरल्या. तहसील कचेरीच्या दारांत उभी असणारी गाडी म्हणजे जीप, असें समीकरण आमच्या नोकरीच्या बऱ्याच काळांत होतें. पिकांची पाहणी असो कीं अतिवृष्टीचा पंचनामा असो, साहेबांमागें कागदांचें गाठोडें घेऊन मागच्या बाकावर आम्हीं आपलीं हाडें खिळखिळीं करून घेतलेलीं आहेत. त्यामुळें ही गाडी कशानेंही मोडत नाहीं असा आमचा भाबडा समज झाला होता. वस्तुतः मूळ लष्करी जीप पाव टन, म्हणजे सव्वादोनशें-अडीचशें किलो, ओझ्याच्या वर्गांतली होती. चिखलांतून निघण्याची तिची कला मोठी. ओझें वाहण्याची तिची ताकद बेताची. या दोन गुणांची गल्लत करणें हीच पहिली चूक होय.

आमच्यावर बेतलेला प्रसंग

आमच्या पुतण्यानें एका लिलावांत जुनी डिझेल जीप घेतली. आम्ही नुकतेच निवृत्त होऊन घरीं आलेलों; हाताशीं वेळ होता, म्हणून तिच्या डागडुजीचें काम आम्हींच अंगावर घेतलें. मागें हूक पाहिजे म्हणून एका वेल्डरकडून मागच्या बंपरलाच लोखंडी कान डकवून घेतला. काम अर्ध्या तासांत व स्वस्तांत झालें याचें आम्हांस त्या दिवशीं भूषण वाटलें.

पुढें श्रावणांत शेजाऱ्याची खताची ट्रॉली पांदणींत रुतली. शेजारधर्म म्हणून आम्ही जीप घेऊन गेलों, आणि घरांत पडलेली एक जुनी साखळी त्या कानांत अडकविली. पुतण्या गाडीवर, आम्ही बांधावर, आणि आमचा सालगडी ट्रॉलीपाशीं साखळीला लागूनच उभा होता. दोन ओढींत ट्रॉली हालली नाहीं. तिसऱ्या वेळीं पुतण्यानें गाडी चार हात मागें घेऊन एकदम झटका दिला. बंपरचा कान जोडासकट उपटला आणि साखळीसह मागें उडाला. सालगड्याच्या उजव्या हाताचें मनगटाजवळचें हाड मोडलें. तो लोखंडाचा तुकडा हातभर वरून गेला असता तर आज हा लेख लिहिण्यास आमचा हात उचलला नसता.

त्यास घेऊन बुलढाण्यास जात असतां वाटेंत तो एवढेंच म्हणाला, "भाऊ, बैल अडला तं आपन पयले जू पाह्यतो. ह्या गाडीचं जू कोनं पाह्यलं व्हतं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्या सबंध खरिपांत त्याच्या हातीं डवरा आला नाहीं. त्याचा पगार व औषधपाणी आम्हीं दिलें. परंतु दिलें म्हणून हिशेब मिटला असें आम्हांस वाटत नाहीं. पुढील मजकूर त्याच्या त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना, जाणत्या मिस्त्रींस विचारून व स्वतः खालीं वाकून पाहून जमविलेला आहे.

ओढ

बंपर हा धक्का खाण्यासाठीं असतो, ओढण्यासाठीं नव्हे. ओढीचा जोर चेसिसच्या दोन लांब दांड्यांवर गेला पाहिजे. याकरितां दोन्ही दांड्यांपर्यंत पोंचणारा एक आडवा पोलादी दांडा मागें बसवावा, आंतल्या बाजूस जाड पत्र्याचे तुकडे आधारास द्यावे, आणि सर्व बोल्टांनीं आवळून घ्यावें. बोल्ट साध्या लोखंडाचे घेऊं नयेत. ज्यांच्या डोक्यावर ८.८ असा आंकडा उठविलेला असतो ते घ्यावे. त्यांतील पहिल्या आठाचा अर्थ असा कीं, त्या पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरास तुटेपर्यंत सुमारें ऐंशी किलोचा ताण सोसतो. वेल्डिंग वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. पण जोड आंतपर्यंत भरला कीं वरवर चिकटला हें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि जोडाशेजारील धातूचा गुण उष्णतेनें बदलतो. बोल्ट सैल झाला तर तो हातास कळतो. जोड सुटतांना आगाऊ सूचना देत नाहीं. गाडीवर कोठेंही वेल्डिंग करावयाचें असल्यास बॅटरीच्या दोन्ही तारा आधीं सोडाव्या, नाहीं तर अल्टरनेटर जळण्याची भीति असते.

हूक झाल्यावर ट्रेलर. येथें आमच्या भागांतील एक भुलावण सांगण्यासारखी आहे. पांच क्विंटल कापूस भरला तर ट्रेलरवर डोंगर उभा राहतो. पांच क्विंटल सोयाबीन भरलें तर तें तळाशींच राहतें आणि आणखी पुष्कळ जागा मोकळी दिसते. वजन मात्र दोहोंचेंही ५०० किलोच. तेव्हां कापसाच्या डोळ्यांनीं सोयाबीन भरूं नये. पोतीं मोजून भरावें. ट्रेलरचें स्वतःचें वजन ३०० किलो धरलें तर एकूण ८०० किलो झालें, आणि जुन्या जीपला ब्रेक नसलेला ट्रेलर याहून जड जोडूं नये असें आमचें मत आहे. गाडीच्या पुस्तकांत ओढीचा आंकडा दिलेला असेल व तो याहून कमी असेल, तर अर्थातच पुस्तक खरें. ट्रॅक्टरची ट्रॉली ही ट्रॅक्टरसाठींच असते. ती रिकामी असली तरी जीपमागें जोडून रस्त्यावर आणूं नये.

माल कोठें ठेवावा हें बैलगाडीच्या अनुभवावरून वाचकांस समजेल. ओझें मागें गेलें म्हणजे बंडी उलाळ होते व जू बैलांच्या मानेवरून उचललें जातें; फार पुढें आलें तर मानेवर दाब पडतो. ट्रेलरचें हेंच तत्त्व आहे. एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा हुकावर पडावा. म्हणजे ८०० किलोच्या ट्रेलरचा ८० किलो दाब. हें मोजण्यास यंत्र नको. भरलेला ट्रेलर सपाटीवर उभा करून, चाकांस दगड लावून, त्याचें तोंड धान्याच्या कांट्यावर हुकाइतक्या उंचीच्या ठोकळ्यानें टेकवावें, म्हणजे आंकडा दिसतो. ठोकळ्याचें वजन त्यांतून वजा करावें. हुकावरचा दाब यापेक्षां फार कमी असला तर वेगांत ट्रेलर शेपटीसारखा झोके घेऊं लागतो व जीपलाही आडवी ओढतो. शिवाय हुकाखेरीज दोन साखळ्या ट्रेलरच्या तोंडाखालून फुलीसारख्या आडव्या अडकवाव्या. हूक सुटलाच तर तोंड जमिनींत न रुतां त्या साखळ्यांच्या झोळींत राहतें.

आतां ब्रेकांविषयीं. बारा-चौदाशें किलोच्या जीपमागें ८०० किलो लावलें म्हणजे तिच्या ब्रेकांस सुमारें दीडपट काम पडतें. त्यांत वेग दुप्पट केला तर थांबविण्याचें काम चौपट होतें, हा निसर्गाचा नियम आहे. तो सवलत देत नाहीं. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरून ज्यांस मलकापूरच्या बाजारांत माल न्यावयाचा असतो, त्यांनीं ही गोष्ट मनांत कोरून ठेवावी. घाटाच्या माथ्यावरच गाडी खालच्या गिअरमध्यें घ्यावी व इंजिनाच्या आवरानें उतरावें. उतार लागल्यावर गिअर बदलण्याच्या नादीं लागूं नये, आणि गाडी न्यूट्रल करून डिझेल वांचविण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. सारखा दाबून धरलेला ब्रेक तापतो, तापलेला ब्रेक धरत नाहीं, आणि ही गोष्ट नेमकी वळणावर कळते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, हुकाचा खर्च करण्यापूर्वीं ब्रेकांचा करावा.

रुतलेली गाडी काढतांना तर अधिकच सावध असावें. आमचा पहिला दोष हूक, पण दुसरा दोष झटका. साखळी ताणत नाहीं. झटक्याचा सर्व जोर एका क्षणांत सर्वांत कच्च्या जागीं जातो. काळ्या मातींत रुतलेलें चाक ओढण्यापूर्वीं फावड्यानें मोकळें करावें, चाकापुढचा व एक्सलखालचा चिखल काढावा, आणि तेथें पऱ्हाट्या किंवा तुराट्या आंथराव्या. एवढ्यानेंच निम्म्या गाड्या निघतात. टायरांतील हवा कमी करण्याचा उपाय नदीच्या वाळूंत फार चांगला चालतो. आमच्या चिकट मातींत मात्र टायरच्या खांचाच भरून जात असल्यामुळें त्याचा गुण थोडा येतो. ओढावयाचेंच झाल्यास दोर ताणून घेऊन सावकाश ओढावें, दोरावर मध्यावर भिजलेलें जड पोतें टाकावें, म्हणजे तो तुटला तरी फार उडत नाहीं, आणि दोराच्या दीडपट अंतराच्या आंत कोणासही उभें राहूं देऊं नये. मुलें तमाशा पाहण्यास जमतात. त्यांस आधीं दूर घालवावें. जीपनें न निघणारी वस्तु ट्रॅक्टरसाठीं सोडून द्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

कमानी

दुसरा फेरफार पाट्यांचा. जुन्या जीपच्या चारी चाकांवर कमानी पाटे असतात. वर्षानुवर्षें ओझें वाहून ते सपाट होतात, गाडी मागें बसते, आणि मालकास वाटतें कीं आणखी दोन पाटे घातले म्हणजे झालें. यांत दोन गोष्टी समजून घ्याव्या.

पहिली ही कीं, पाटे वाढविल्यानें गाडी उंच राहते, पण एक्सल, बेअरिंग, टायर व ब्रेक होते तेवढेच राहतात. पाटा म्हणजे गाडीची परवानगी नव्हे. दुसरी ही कीं, पाट्याची ताठरता जाडीच्या घनाप्रमाणें वाढते. सारख्या जाडीच्या सात पाट्यांत आठवा घातला तर कमान सुमारें सातव्या हिश्शानें ताठ होते. पण ६ मिलिमीटरचा पाटा काढून त्या जागीं ७ मिलिमीटरचा घातला, तर तो एकटा पाटा दीडपटीहूनही अधिक ताठ झाला असें समजावें. मिस्त्री "जरासा जाड आहे" म्हणून जो पाटा घालतो, त्या "जरासा" शब्दांत एवढा फरक असतो. अशी गाडी रिकामी चालली कीं खड्ड्यावर उसळते, चाक जमीन सोडतें, आणि जमीन सोडलेल्या चाकास ना ब्रेक लागत ना वळण. शिवाय पाट्यानें जो धक्का गिळावयाचा, तो चेसिसच्या भेगांस व बसणाऱ्याच्या कमरेस जातो.

म्हणून पाटे वाढविण्यापूर्वीं आहेत तेच नीट करावे. गाडी दांड्यांवर उचलून, चेसिसखालीं लांकडाचे भक्कम ठोकळे देऊन (केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये), पाटे काढून धुवावे. तडा गेलेला पाटा बदलावा; त्यास वेल्डिंग करूं नये. सपाट झालेल्यांची कमान पाटेवाल्याकडून पुन्हां चढवून घ्यावी. मात्र भट्टींत लाल करून ठोकून वांकविलेला पाटा पुन्हां नीट पाणी दिल्याखेरीज मऊच राहतो व महिन्याभरांत परत बसतो. तेव्हां त्यास पाणी देऊन घेतलें कीं नाहीं हें विचारावें. बसवितांना पाट्यांमध्यें ग्रीस, शॅकलच्या पिनांस ग्रीस, व झिजलेले बुश नवे. यू-बोल्ट जुने असल्यास नवेच घालावे, गाडीचें वजन चाकांवर आल्यावर ते पुन्हां आवळावे, आणि दोन-तीनशें किलोमीटर चालल्यावर आणखी एकदां. मधला सेंटर बोल्ट तुटण्याचें कारण बहुतेक वेळां सैल यू-बोल्ट हेंच असतें. आणि तो तुटला म्हणजे एक्सल जागचा सरकून गाडी तिरपी चालूं लागते.

शॉकॲब्सॉर्बर ओझें उचलतो असाही एक समज आहे. तो खरा नाहीं. ओझें पाटा उचलतो. शॉकॲब्सॉर्बर फक्त त्याची उसळी आवरतो. गाडीचा कोपरा जोरानें खालीं दाबून सोडावा. ती एकदां वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळां डोलत राहिली तर तो गेला असें समजावें. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल लावण्याची जी हौस अलीकडे तरुण मंडळींत दिसते, ती शेतकऱ्यानें करूं नये. त्यानें पुढच्या चाकांचा कल बदलतो, स्टिअरिंग हातांत भटकूं लागतें, आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा वांकड्या कोनांत फिरून लवकर झिजतो.

दिवे व वीज

रात्रीं मोटार चालू करण्यास किंवा राखणीस जाणाऱ्यास उजेड पाहिजे हें खरें. लाईन रात्रीं आली तर शेतकऱ्यासही रात्रींच जावें लागतें. परंतु जीपच्या दिव्यांचा अंधुकपणा पुष्कळदां दिव्याचा दोष नसून तारेचा असतो. हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टवर ते सुमारें ९ अँपिअर वीज घेतात. ही वीज १ चौरस मिलिमीटर जाडीच्या पांच मीटर तारेंतून नेली तर वाटेंतच जवळजवळ पाऊण व्होल्ट जातो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेंत तो तोटा एक तृतीयांश व्होल्टापर्यंत खालीं येतो. साध्या बल्बचा उजेड व्होल्टाच्या घटीपेक्षां कितीतरी अधिक वेगानें घटतो. तेव्हां नवे दिवे घेण्यापूर्वीं जुन्यास जाड तार द्यावी, आणि जेथें तार चेसिसला जोडलेली असते तेथला गंज खरवडून अर्थिंग चकचकीत करावें. आमच्या जीपचे दिवे एवढ्यानेंच डोळ्यांस कळण्याइतके सुधारले.

तरीही जादा दिवे हवे असल्यास त्यांची वीज डॅशबोर्डवरच्या बटणांतून नेऊं नये. बटणानें फक्त रिले चालवावा आणि रिलेनें दिवे. बॅटरीपासून निघालेल्या तारेवर हातभराच्या आंतच फ्यूज बसवावा. फ्यूज दिव्याची राखण करीत नाहीं, तो तारेची राखण करितो. म्हणून त्याचा आंकडा तारेच्या ताकदीवरून ठरवावा. उडालेल्या फ्यूजच्या जागीं चांदीचा कागद किंवा मिळेल ती तार गुंडाळणें म्हणजे राखणदारास झोपवून दार उघडें ठेवणें होय. तार जेथें पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी कडी घालावी, नाहीं तर हादऱ्यांनीं वरचें आवरण घांसून नागडी तार पत्र्यास लागते.

हें आम्ही विशेष आग्रहानें सांगण्याचें कारण आमचें पीक कापसाचें आहे. ट्रेलरच्या मागील दिव्यांची तार कित्येक जण तशीच कापसाच्या भरतीखालून ओढून नेतात. एक ठिणगी पडली तर वर्षाची मेहनत रस्त्यावर जळेल. ती तार ट्रेलरच्या तळाखालून, नळींतून न्यावी व प्लगनें जोडावी. मागील लाल दिवा, ब्रेकचा दिवा व लाल चकचकीत पट्टी हीं तिन्ही ट्रेलरवर असलींच पाहिजेत. अंधारांत उभा असलेला दिवा नसलेला ट्रेलर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास दिसत नाहीं.

जमेच्या बाजूकडेही पाहावें. ५५ वॅटचे चार जादा दिवे १८ अँपिअर खातात. इंजिन बंद ठेवून ते लावले, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी तास-दीड तासांत निम्मी रिकामी होते, आणि मग रात्रीं शेतांत गाडीस धक्का मारण्यास माणूस मिळत नाहीं. फार जुन्या गाडींत डायनामो असल्यास तो हळू चालीवर भरतीच कमी करितो. शेतांतील चाल हळूच असते. त्याजागीं अल्टरनेटर बसविणें हा खर्च सार्थकी लागतो. किंवा सरळ एलईडी दिवे घ्यावे. ते तेवढ्याच उजेडास पुष्कळ कमी वीज घेतात. मात्र शेतावरचे जोरकस दिवे डांबरी रस्त्यावर झांकून ठेवावे. समोरच्यास आंधळें करून आपण सुखरूप पोंचूं अशी खात्री कोणासही देतां येत नाहीं. बॅटरीजवळ काम करतांना आधीं ऋण बाजूची तार सोडावी व विडी दूर ठेवावी, कारण भरती होतांना तींतून पेट घेणारा वायु निघतो.

कागदपत्रें

हा शेवटचा भाग आमच्या जुन्या धंद्याचा आहे. जमिनीस जसा सातबारा तसें गाडीस नोंदणीचें पुस्तक. जमिनीवर विहीर खोदली व सातबाऱ्यावर तिची नोंद केली नाहीं तर पुढें कोण कष्टी होतें, हें आम्हीं आयुष्यभर पाहिलें आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील तपशील बनविणाऱ्यानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करितां येत नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षीं झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ट्रेलर हेंही कायद्याच्या दृष्टीनें वाहनच असून त्याची नोंदणी निराळी असते.

झिजलेला पाटा, बुश, तार किंवा ब्रेक मूळच्यासारखा नवा घालणें ही दुरुस्ती होय. तीस कोणाची ना नाहीं. परंतु इंजिन, चेसिस, उंची, ओढीचा दांडा असल्या गोष्टींस हात लावण्यापूर्वीं बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारावें व लेखी उत्तर जपून ठेवावें. तोंडी होकार कचेरींत टिकत नाहीं. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम नोंदणीचें पुस्तकच मागते, आणि तेथें गाडी व कागद यांचा मेळ बसला नाहीं तर भांडण सुरू होतें. तें भांडण बहुधा अशा वेळीं येतें कीं, जेव्हां घरांत भांडण्याची कोणाचीही मनःस्थिति नसते.

सारांश, कामाचा क्रम आम्हीं असा ठरविला आहे : प्रथम ब्रेक व टायर, मग आहेत ते पाटे, बुश व यू-बोल्ट, मग तारा, अर्थिंग व फ्यूज, आणि हें सर्व झाल्यावर, परवानगी घेऊन, हूक. आम्हीं प्रथम नेमकें उलट केलें होतें. हूक दिसतो, शेजारी त्याची वाखाणणी करितो; यू-बोल्ट कोणास दिसत नाहीं.

आमच्या जीपला आतां चेसिसला धरून बोल्टांनीं बसविलेला दांडा आहे, आणि तो नोंदणीच्या कागदांतही आहे. सालगड्याचें हाड जुळलें. मात्र थंडींत मनगट दुखतें असें तो सांगतो, व डवरा धरतांना तो डाव्या हातावर भार देतो हें आम्हांस दिसतें. तो आमच्याकडेच आहे. ट्रेलर जोडण्यापूर्वीं तो स्वतः गाडीखालीं वांकतो, एकेका बोल्टास पाना लावून पाहतो, साखळ्यांची फुली ओढून पाहतो, आणि उठून पुतण्यास म्हणतो, "जू पाह्यलं, आतां चालू दे." त्यानें होकार दिल्याखेरीज गाडी हलवावयाची नाहीं, असा आमच्या घरचा नियम झाला आहे. ज्या वाचकांच्या दारांत अशी जुनी गाडी उभी असेल, त्यांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं एक सकाळ काढून तिच्याखालीं वांकावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.